अर्धं फडकं

शालन वहिनीच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीला चिकटून ते फडकं पडलं होतं.

डॉ. हेमांगी भोईटेने कप्पा उघडला होता तो नमुन्यांच्या नळ्यांना जागा आहे का बघायला. आधी तिला वाटलं, कोथिंबीर गुंडाळून ठेवलीय. मग प्लास्टिकच्या आतला पिवळट, गोठलेला चिकट थर दिसला. त्यात अडकलेल्या वैरणीच्या दोन काड्या दिसल्या आणि तिने हात मागे घेतला. विषाणूंच्या अभ्यासात वीस वर्षं काढलेली बाई, पण लाळ म्हटली की लहानपण तिच्या घशाशी यायचं.

“वहिनी, हे काय आहे?”

“तांबूची लाळ हाय,” शालन विरजण दाखवावं तशी म्हणाली. “पैल्या दिशीची. ठिवलीया.”

“मटारांशेजारी?”

“मग कुटं ठिवू? पिशवी बांदलीया की, वन्सं.”

फलटणच्या बाजूला खडकवस्तीत लाळ-खुरकुताची साथ आली होती. नवी लस टोचून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात जनावरांच्या तोंडांतून फेसाचे दोर लोंबायला लागले. ताप, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात किडे. कानातल्या बिल्ल्यांचे दिवे लाल झाले, आणि दिवा लाल झालेल्या गोठ्याचं दूध टँकर घेत नसे. मशीनच नळी आत ओढून घ्यायचं. कारण शोधायला पुण्याच्या लॅबने हेमांगीला धाडलं. खडकवस्ती तिचं माहेर. दादा गेल्यापासून गोठा शालन वहिनी एकटी सांभाळत होती.

पांढरा प्लास्टिकचा अंगरखा, दुहेरी हातमोजे, तोंडाला पट्टी अशा थाटात माहेरवाशीण गोठ्यात शिरली, तेव्हा तांबू नावाच्या गाईनेही मान वर करून बघितलं असेल. गोठ्यात पाय टाकावा तर चिखल की शेण की लाळ, ते कळत नव्हतं. सगळ्याला एक आंबूस, गोडसर वास होता. माशा जनावरांच्या ओठांवरून उठून हेमांगीच्या चष्म्यावर बसत होत्या.

आणि आता हे फडकं. ते काय आहे हे तिला विचारायची खरं तर गरज नव्हती. जुन्या लोकांची ती रीतच होती. एका जनावराला लाळ लागली की फडक्याने त्याचं तोंड पुसायचं आणि तेच फडकं गोठ्यातल्या सगळ्या जनावरांच्या तोंडात फिरवायचं. त्यामागे हिशोब असा, की मोठं जनावर या रोगाने सहसा मरत नाही, फक्त लोळागोळा होतं. एकेक पडत बसलं तर वर्षभर गोठा रडत राहतो; सगळी एकदम पडली की सगळी एकदम उठतात. हेमांगी सात वर्षांची असताना वडिलांनी, आबांनी, तिला गाईची जीभ धरायला उभं केलं होतं. जीभ निसटू नये म्हणून तिने जोर लावला आणि वरची कातडी ओल्या मोज्यासारखी सोलून तिच्या मुठीत आली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्याच्याने दहीभात खाववला नाही.

“तू लाळ लावलीस सगळ्यांना?” तिने विचारलं.

“लावली. वस्तीत समद्यांनी लावली. माझ्याच फडक्यानं.”

“आता कायदा आहे वहिनी. जाणूनबुजून रोग लावणाऱ्याला तुरुंग आहे.”

“रोग म्या लावला व्हय? त्यो आदीच आल्ता. म्या निस्ता वाटला.”

हेमांगीला त्या क्षणी वहिनीची किळस आली. वहिनीच्या हातांची, त्या हातांनी तिच्यापुढे ठेवलेल्या चहाची, घरच्या फ्रीजची, सगळ्याची. तिने नियमाप्रमाणे फडक्याचा फोटो काढला, औषधाचं पाणी ओतलं, रॉकेल टाकलं आणि अंगणात ते जाळून टाकलं. धूर काळा आणि तेलकट होता. शालन पदर नाकाला लावून उभी राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “इचारायचं तरी.”

त्याच संध्याकाळी हेमांगीने अहवाल पाठवला. लाळ लावणारीचं नाव त्यात लिहिणं भाग होतं. तिने ते पूर्ण नावानिशी लिहिलं.

*

लॅबमध्ये सगळे जिला ‘चोविशी’ म्हणत, ती नखाएवढी काच होती. तिच्यावर चोवीस ठिपके.

जनावर आजारी पडलं की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती म्हणजे बाजारातली गर्दी. चोर दिसला की सगळी मिळून ओरडतात. पण कोणी नाक ओळखलं, कोणी चाल ओळखली, ते त्या कालव्यात समजत नाही. मोनोक्लोनल प्रतिपिंडांचं तसं नसतं. ती एकाच पेशीच्या वंशातून काढलेली, म्हणून सगळी हुबेहूब सारखी. तो एकच साक्षीदार, आणि त्याला चोराची एकच खूण ठाऊक. असे चोवीस साक्षीदार एका काचेवर बसवायचे, त्यांच्यावर लाळेचा थेंब सोडायचा. विषाणूच्या कवचावरचा जो उंचवटा ज्याच्या ओळखीचा, तो ठिपका उजळतो. कोणते उजळले आणि कोणते विझलेले राहिले, यावरून दोन विषाणू सख्खे की सावत्र, ते कळतं.

या चोविसांतला सातवा साक्षीदार हेमांगीचा स्वतःचा. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी मिळवायला उंदरांच्या प्लीहा कुस्करत तिने पीएच.डी.ची तीन वर्षं त्याच्यावर घालवली होती. तो ज्या उंचवट्याला ओळखायचा, त्या उंचवट्याची एक गंमत होती. लशीसाठी विषाणू मोठ्या पोलादी टाक्यांत, परक्या पेशींवर वाढवतात आणि मग रसायनाने मारतात. टाकीत पिढ्या काढल्या की विषाणू त्या पेशींना चिकटायला शिकतो आणि हा सातवा उंचवटा सपाट होतो. म्हणजे सातवा ठिपका विझलेला, तर विषाणू टाकीतला. पण तोच विषाणू जिवंतपणी जनावरात गेला, तर या तोंडातून त्या तोंडात अशा थोड्याच फेऱ्यांत उंचवटा परत येतो. माहेरी आलेल्या पोरीची बोली परत यावी तसा.

पूर्वी हे कुणाला सिद्ध करता येत नसे. कारण तपासणीआधी नमुना लॅबच्या बाटलीत वाढवावा लागे, आणि बाटलीतही तोच बदल घडे. चोविशीला वाढवावं लागत नाही. ती कच्ची लाळ वाचते.

खडकवस्तीच्या नमुन्यांचे चोवीसच्या चोवीस ठिपके उजळले. विषाणू रानातला. साथ बाहेरून आली आणि लाळ लावून फैलावली. डॉ. राजोपाध्ये सरांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं.

अनंत राजोपाध्ये म्हणजे हेमांगीचे गुरू. नवी लस त्यांच्या संस्थेने बनवलेली. आता निवृत्तीला आलेले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले, दर अर्ध्या तासाने हात धुणारे. त्यांच्या टेबलावर कधी धुळीचा कण नसे. घाणेरड्या लहानपणातून पळून आलेल्या पोरीला या माणसाच्या नुसत्या नखांकडे बघूनही बरं वाटायचं.

“लस काय करणार, हेमांगी?” ते फोनवर म्हणाले होते. “एकमेकांच्या तोंडात घाण फिरवणाऱ्यांपुढे विज्ञान हात टेकतं.”

तिला ते पटलं होतं.

शालनवर गुन्हा दाखल झाल्याचं कळलं, त्या दुपारी हेमांगी उगाच सगळ्या काचा पुन्हा बघत बसली. मन रमवायला म्हणा. आणि तांबूच्या काचेवर तिची नजर अडली. सातवा ठिपका उजळला होता, पण मिणमिणता. यंत्राने ‘दोष नाही’ म्हणून तो पुढे सारला होता. तिने नमुना पुन्हा लावला. पुन्हा मिणमिणता. तिसऱ्यांदाही तसाच.

साथीत सगळ्यांत आधी पडलेली गाय तांबू. तिच्या तोंडात दोन तऱ्हांचे विषाणू होते: उंचवटा परत आलेले, आणि अजून न आलेले थोडे. म्हणजे तो रानातून आला नव्हता. तो टाकीतून, सुईतून आला होता. लस पुरती मेली नव्हती.

सिद्ध करायचं तर तांबूची पहिल्या दिवसाची लाळ हवी. विषाणूने बोली बदलण्याआधीची. बर्फात ठेवलेली.

आणि ती हेमांगीने स्वतःच्या हाताने रॉकेल टाकून जाळली होती.

*

मिणमिणत्या ठिपक्याचा निकाल नियमाने संस्थेला कळवावा लागला. राजोपाध्ये स्वतः लॅबमध्ये आले. आल्या आल्या हात धुतले, बोट न् बोट पुसलं, मग बसले.

“मिणमिणता ठिपका म्हणजे पुरावा नव्हे,” ते म्हणाले.

“सर, लस मारायला रसायनात किती वेळ ठेवली होती?”

“ऑर्डर फार मोठी होती. टाक्या रिकाम्या करायच्या होत्या.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “एका चाचणीत थोडं काही दिसलं. आपण चाचणी पुन्हा केली. तेव्हा दिसलं नाही.”

“पुन्हा म्हणजे किती वेळा?”

“दिसेनासं होईपर्यंत,” राजोपाध्ये शांतपणे म्हणाले. “असं बघ, करोडो जनावरांना लस गेली. त्यांतल्या एखाद्या बाटलीत एखादा जीव राहिला असेल. त्यापायी लोकांचा लशीवरचा विश्वास उडवायचा का?”

“आणि याच खेपेतला माल पुढच्या महिन्यात उरलेल्या राज्यात जाणार, त्याचं काय?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, “सातवं प्रतिपिंड जुनं झालं. तांत्रिक कारण दाखवून काचेवरून काढून टाक. तेविशीसुद्धा चालते. तुझ्या वहिनीचंही बघता येईल. अडाणी बाई, नकळत केलं, असं मी शिफारशीत लिहीन. ती सुटेल.”

बोलणं संपल्यावर त्यांनी टेबलावरचा चहाचा थेंब रुमालाने टिपला आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. हेमांगी त्या घडीकडे बघत राहिली. या माणसाच्या हाताखाली आपण सातवा साक्षीदार घडवला, त्याच्या जन्मावर यांनी सही केली, आणि आज हेच त्याची जीभ कापायला सांगतायत, तेही इतक्या स्वच्छ हातांनी. गोठ्यातली किळस पोटात उठायची. ही हाडांत उतरली.

ते गेल्यावर तिने फडक्याचा फोटो उघडला. जाळण्याआधी काढलेला. दहा वेळा बघितलेला फोटो, पण दर वेळी ती लाळेकडे बघून तोंड फिरवायची. आज तिने कापडाकडे बघितलं. जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. तीन बाजूंना शिवलेली कड, आणि चौथी बाजू दातांनी फाडल्यासारखी, सुटे दोरे लोंबणारी.

फडकं अर्धंच होतं.

*

“उरलेलं अर्धं कुठाय, वहिनी?”

शालन चुलीपुढे भाकरी थापत होती. जामीन मिळाल्यापासून ती हेमांगीशी मोजकंच बोलत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“वहिनी, मी चुकले. विचारायला हवं होतं. आता विचारतेय.”

“म्हायेरी,” शालन अखेर म्हणाली. “पैल्या जनावराचं फडकं फाडून अर्धं म्हायेरी द्यायचं आसतं. तितं साथ पोचली तर त्यास्नी ताजी लाळ हुडकत बसाया नगो. माझ्या आयेनं बी आसंच दिल्तं एकदा. माझ्या भावाच्या, आप्पाच्या फ्रीजात हाय.”

“त्यांनी लावलं?”

“अजून न्हाई. त्येंची जनावरं धडधाकट हायेत.”

हेमांगी चुलीसमोर येऊन बसली. वहिनीच्या माहेरी, चिंचमळ्याच्या कुठल्याशा फ्रीजमध्ये, लिंबाच्या लोणच्याशेजारी कदाचित, ती सगळी साथ जशीच्या तशी गोठून पडली होती. तिला हसू आलं.

मग तिने सगळं सांगितलं. टाकी, सुई, सातवा ठिपका. सरांनी काय देऊ केलं तेही लपवलं नाही. “ते अर्धं फडकं पुढे आणलं तर लस खोटी ठरेल. पण ते कुणाचं, कुठून आलं, हे तुला सरकारी चौकशी समितीपुढे सांगावं लागेल. रोग गावाबाहेर पाठवला, हा जास्त मोठा गुन्हा आहे. त्याला जामीन नाही. आणि गप्प बसलीस तर सुटतेस.”

शालनने भाकरी निखाऱ्यावर फुगवली, टोपलीत टाकली.

“त्यो तुमचा सर म्हंतो, आमी घाण,” ती म्हणाली. “हाय की. म्या फडकं फिरवलं, म्या म्हायेरी धाडलं. दोनी कबूल. शेणातलं मानूस हाय, घाण लागणारच. पर त्येनं आमच्या गाईच्या अंगात रोग टोचला आन् वर बिल्ल्यावर शिक्का मारला, का ही गाय आता सुरक्षित हाय म्हणून. त्येचं नाव कोन घेनार?”

“तू तुरुंगात गेलीस तर गोठा कोण बघेल?”

“तुमी,” शालन म्हणाली आणि भाकरीची टोपली तिच्यापुढे सरकवली. “जेवा आदी. हात धुतल्यात म्या.”

हेमांगीने भाकरी मोडली. वहिनीच्या हातच्या त्या भाकरीचा घास तिने तोंडात घातला.

*

समितीची बैठक पुण्यात, गारेगार हॉलमध्ये झाली. टेबलावर मोगऱ्याची फुलं ठेवली होती.

चिंचमळ्याहून आणलेलं फडकं काचेच्या जाड नळीत, तिहेरी बुचात बंद होतं. साक्षीदारांदेखत त्यातला बर्फाचा कण काढला गेला होता. काच सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवली. तेवीस ठिपके उजळलेले आणि सातवा काळाकुट्ट. शेजारी संस्थेच्या कोठीतल्या लशीच्या बाटलीची काच. तेवीस उजळलेले आणि सातवा काळाकुट्ट. हेमांगीने आवाज न चढवता समजावून सांगितलं, आणि हिरव्या फडक्याची नळी टेबलावरून फिरवायला दिली.

नळीतून वास येणं शक्यच नव्हतं. तरी पहिल्या सभासदाने रुमाल काढला. मग दुसऱ्याने. एक बाई खुर्ची मागे सरकवून उठल्याच. “हे... हे घरातल्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं?” अध्यक्षांनी विचारलं आणि शालनकडे असं बघितलं, की हेमांगीला ती नजर ओळखीची वाटली. अंगणात फडकं जाळताना तिची स्वतःची नजर तीच होती.

“व्हय,” शालन म्हणाली. “मटारापाशी.”

मागून लशीची बाटली फिरली. ती हातोहात गेली. एकाने तर ती उजेडात धरून तिचं लेबल कौतुकाने वाचलं. तिला कुणीच रुमाल लावला नाही.

राजोपाध्येंनी भाषण केलं नाही. सातव्या प्रतिपिंडाच्या जुनेपणाबद्दल दोन वाक्यं बोलले, मग म्हणाले, “माझ्या विद्यार्थिनीचा मला अभिमान आहे.” बाहेर पडताना त्यांनी हेमांगीपुढे हात केला. हाताला साबणाचा मंद वास होता. हेमांगीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ते वळून जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.

निकाल लागला तो असा. लशीची ती खेप ‘गुणवत्तेच्या फेरतपासणीसाठी’ गुपचूप परत मागवली गेली. राज्यातल्या उरलेल्या जनावरांना ती टोचली गेली नाही. खडकवस्तीच्या बिल्ल्यांचे दिवे हिरवे झाले. राजोपाध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाले. आणि रोग गावाबाहेर पाठवल्याबद्दल शालन भोईटे हिला तुरुंगवास झाला. कायदा तिच्याबाबतीत अगदी स्पष्ट होता. लस पुरती न मारणाऱ्याबद्दल मात्र त्यात कलमच नव्हतं, कारण असं कोणी करील हे कायदा करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

*

हेमांगी बिनपगारी रजा टाकून खडकवस्तीला राहायला आली. शेण काढायला शिकली. धार काढताना पहिल्या दिवशी लाथ खाल्ली, तेव्हा शेजारीपाजारी मनापासून हसले.

बाकीची जनावरं उठली, पण तांबूची जीभ काही पुरती भरली नाही. रोज सकाळी तिचा जबडा उघडून, जीभ बाजूला ओढून बोरोग्लिसरीन लावावं लागे. हातमोजा घातला की तांबू तोंड उघडत नसे. तिला रबराचा वास नको असायचा. तेव्हा हेमांगीने मोजे काढून ठेवले ते ठेवलेच. मनगटापर्यंत लाळ, कोपरापर्यंत फेस. वास तोच आंबूस, गोडसर.

त्या दिवशी असाच डावा हात तांबूच्या तोंडात असताना खिशातला फोन वाजला. तिने उजव्या, कोरड्या हाताने तो कानाला लावला.

“डॉक्टर भोईटे ना? आपल्या राजोपाध्ये सरांना जीवनगौरव जाहीर झालाय. स्वच्छ दुग्ध अभियानाचे सल्लागार म्हणूनही त्यांची नेमणूक होतेय.” बोलणाऱ्याचा आवाज मोठा गोड होता. “सरांची इच्छा आहे, की त्यांच्यावर दोन शब्द तुम्ही बोलावेत. तुमचं नाव त्यांनी स्वतः सुचवलं. म्हणाले, माझं काम तिच्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.”

“ते खरं आहे,” हेमांगी म्हणाली.

“मग येताय ना?”

“सध्या गोठा आहे माझ्याकडे. घरची बाई तुरुंगात आहे.”

मग त्या माणसाने सौजन्याने बरं, बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तांबूने मान झटकली. लाळेचा एक लांब दोर हेमांगीच्या दंडावरून खाली ओघळला. तिने सावकाश औषध लावून संपवलं, गाईच्या गळ्याखाली खाजवलं आणि ती हौदाशी गेली. डाव्या हातावर लाळ वाळत होती, माशा घोंगावत होत्या.

तिने साबण घेतला आणि आधी फोन धरलेला हात धुतला.